डायवर इथं हाय तोवर

हसायचं न्हाई हां आधीच. हसायची जागा आली की मीच सांगतो तुमाला. एवढी मोठी फजिती माझी झाली, तर तिच्यातली हसायची जागा दाखवायचा हक्क तरी माझाच असावा की न्हाई?

तर बगा, आमचं किराणा दुकान केजच्या बसस्टँडच्या अगदी समोर. गल्ल्यावर बसल्या बसल्या मला एसटीची सगळी विद्या आलती. गाडी स्टँडात शिरायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगायचो, ही अंबाजोगाईची, ही बीडची, अन् ही धारूरची, हिचा सायलेन्सर मागच्या महिन्यापासून फुटलाय. गिऱ्हाईक साखर घ्यायला यायचं अन् टाइमटेबल घेऊन जायचं.

अन् ह्या विद्येतला सगळ्यात मोठा मंत्र कोणता? डायवर कँटीनमधी चहा पीत बसलाय, तोवर गाडी कुठंबी जात न्हाई! कंट्रोलर माइकवरून बोंबलू दे, कंडक्टर घंटी मारू दे, लोकं पळू देत. आपण फक्त डायवरवर नजर ठेवायची. तो उठला की आपण उठायचं. ह्या मंत्रामुळं माझी जन्मात कधी गाडी चुकली न्हाई.

आता रेल्वेचं म्हणाल, तर आमची अन् तिची ओळख बातमीपुरतीच. 'बीडला रेल्वे येणार हाय,' असं म्हणे आमच्या आज्याच्या लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. आज्याचं लग्न झालं, आप्पांचं झालं, माझं झालं, मला दोन लेकरं झाली. रेल्वे अजून येतच होती. परळीला स्टेशन होतं, न्हाई असं न्हाई, पण आमचं काय तिकडं काम पडत नसे.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघायले होते अन् पोरं नोकरी म्हणलं की तहसील सोडून कंपनी म्हणायला लागलती. माझी धाकटी बहीण शोभा. अंबाजोगाईला बीएस्सी झाली, तिथंच कंप्युटरचा कोर्स केला, अन् एक दिवस तिला पुण्याच्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं!

आमच्या घराण्यात अशी पत्रं येत नसतात. आमच्याकडं लग्नाच्या पत्रिका येतात अन् पेंडीच्या दराची कार्डं येतात. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, कपाळावर विभूती लावता लावताच पत्र वाचलं अन् एक पट्टा वाकडा ओढला.

"पुणं? पोरीच्या जातीनं एकटीनं? शिव शिव!"

शोभा आत गेली अन् भांडी घासायला लागली, अन् घासलेलीच भांडी परत घासायला लागली. मला कसंतरीच झालं हो. लातूरकडचं एक स्थळ आलतं तिला, त्या लोकांना आप्पांचा होकार तेवढा द्यायचा राहिलता. ही मुलाखत हुकली की तिची पुढची सगळी गोष्ट लातूरकडं चुलीपुढं बसणार, हे तिलाबी ठाऊक होतं अन् मलाबी.

म्हणून मी छाती काढून म्हणलं, "आप्पा, मी हाय ना! मी नेतो अन् मी आणतो. जिम्मा माझा."

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "तू रेल्वेत कवा बसलास?"

"त्याच्यात बसायचं काय हाय आप्पा? रेल्वे म्हणजे काय? लांब एसटी!"

आप्पांनी पत्राची घडी घातली. मग म्हणले, "ठीक हाय. पर ह्यात काही गडबड झाली, तर मी दुसऱ्या दिवशी लातूरला होकार कळवणार. मग रडारड न्हाई चालायची."

झालं! मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहाटंची एसटी धरून आमी भाऊ-बहीण सोलापूरला गेलो. तिथून पुण्याची रेल्वे.

सोलापूरचं स्टेशन बघितलंय का तुमी? अबबब! पूल काय, हमाल काय, सांगणारी बाई कुठंच दिसत न्हाई पण आवाज सगळीकडून यायलाय. मी शोभाला म्हणलं, "घाबरू नको. माझ्या मागं मागं राहा." ती म्हणली, "दादा, आपला फलाट तिकडं हाय." म्हणलं, "ठाऊक हाय. हे जरा बघून ठेवायलो होतो."

सगळी कागदं माझ्याजवळ. दोघांची तिकिटं माझ्या खिशात, पैसे माझ्या खिशात, मावशीचा पुण्याचा पत्ता माझ्या खिशात, अन् शोभाच्या सर्टिफिकेटांची फाईल माझ्या काखेत. ती म्हणली, "फाईल तरी दे माझ्याकडं." म्हणलं, "जिम्मा कुणाचा हाय? माझा!"

गाडी आली. ती अजून थांबायचीच होती, पण आमच्या केजच्या हाताला सवय! मी पळत पळत खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला अन् ओरडलो, "शोभे, दोन जागा धरल्या गं!"

शोभानं कपाळावर हात मारला. "दादा, तिकिटावर नंबर हाय आपला. अन् हा डबाबी आपला न्हाई."

टॉवेल गेला तो गेलाच. पण इथं हसायचं न्हाई. ही जागा न्हाई ती.

आमचा डबा सापडला, जागा सापडली. समोरच्या बाकावर घोंगडी अंथरून एक मामा बसले होते. बोलण्यावरून लगेच कळलं, आपल्याकडचेच! बिरूमामा, वडवणीचे. मेंढरं राखणारा माणूस, पोरगा पुण्यात वॉचमन, त्याला भेटायला चाललते. ह्यांचीबी रेल्वेची पहिलीच खेप.

म्हणलं, "गाडी इथं बराच वेळ थांबती म्हणं. चला मामा, पाणी भरून आणू." शोभा म्हणली, "दादा, लांब जाऊ नको." म्हणलं, "अगं, मी स्टँडावर वाढलेला माणूस हाय!"

आमी दोघं खाली उतरलो. नळाला गर्दी होती. अन् तेवढ्यात मला काय दिसावं? इंजनाकडून एक माणूस निवांत चालत यायलाय. निळे कपडे, हातात लोखंडी पेटी, तोंडाला काजळी. चहाच्या गाड्यापाशी आला, पेटी खाली ठेवली, अन् म्हणला, "एक पेशल दे बाबा."

मी जवळ गेलो. "साहेब, ही गाडी तुमीच आणली का?"

"हो, मीच की."

"मग आता निवांत?"

"एकदम निवांत!" म्हणला अन् बशीत चहा ओतला.

मी बिरूमामाला कोपरानं ढोसलं. "मामा, हाच डायवर. आता फिकीर न्हाई. ह्याचा चहा होईस्तोवर आपल्याला कुणी हलवू शकत न्हाई." अन् मामाला लगेच पटलं! वडवणीचा माणूस हो! तिथंबी एसटीच. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचा असता तर इचारलं असतं काहीतरी.

मीबी तीन चहा सांगितले. डायवरसाहेबाचा चहा माझ्याकडून! म्हणलं, ओळख असावी. मग गप्पा रंगल्या. इंजनात किती गरम होतं, घरी लेकरं किती. शिट्टी झाली. मी लक्ष दिलं न्हाई. सांगणारी बाई काहीतरी सांगायली. तिच्याकडं तर कोण बघतंय! सांगणारी सांगती, पण गाडी चालवतो डायवर!

शोभा खिडकीतून हात करायली. "दादा! चल! सिग्नल पडलाय!"

मी हातानंच खूण केली. "अगं, डायवर इथं हाय माझ्यासंगं!"

लोकं पळायले. एक बारीकसा माणूस तांब्या घेऊन बाजूनं पळत निघाला. त्यालाबी म्हणलं, "कावून पळता हो? डायवर इथं हाय!" त्यानं ऐकलं न्हाई. शहाणा निघाला तो.

अन् गाडी हलली.

आता तुमाला खरं सांगतो, गाडी हलली तरी मी हललो न्हाई! एवढा माझा विश्वास. मी डायवरसाहेबाला म्हणलं, "साहेब, बघा हो, तुमच्या गाडीशी कुणीतरी खेळायलंय वाटतं."

तो म्हणला, "माझी कशाची? माझी ड्यूटी संपली. इथून पुढं दुसरा ड्रायव्हर नेतो."

"दुसरा? एका गाडीला दोन दोन डायवर?"

"अहो, हा दोन दिवसांचा प्रवास आहे गाडीचा. एकटा माणूस चालवील का? दर ठरलेल्या स्टेशनला माणूस बदलतो." मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही त्या गाडीचे होता का काय?"

आता हसा. ही ती जागा.

पळालो की मग! मी पुढं, बिरूमामा मागं. पायातली चप्पल एक इकडं अन् एक तिकडं. पण गाडी ती गाडी. शोभाचा डबा पुढं गेला, तिचा चेहरा खिडकीला, अन् ती काहीतरी सांगायली होती, ते काय ऐकू आलं न्हाई. शेवटचा डबा गेला अन् फलाट एकदम मोकळा झाला.

बिरूमामा धापा टाकत म्हणले, "मपली घोंगडी गेली की बे! तू केजचा म्हणून ऐकलं तुपलं!"

 पोरगी गाडीत, अन् तिचं तिकीट माझ्या खिशात. पैसे माझ्या खिशात. पत्ता माझ्या खिशात. उद्या सकाळची मुलाखत, अन् सगळी सर्टिफिकेटं माझ्या काखेत. मघाशी छाती काढून घेतलेला जिम्मा फलाटावर माझ्यासंगंच उभा होता. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. फजितीचं न्हाई हो, भीतीचं. टीसीनं तिला उतरवलं कुठं मधीच तर? अन् आप्पांना मी काय तोंड दाखवू? तिचं आयुष्य मी एका चहात बुडवलं!

चौकशीच्या खिडकीवर गेलो. आत एक चष्मेवाल्या बाई.

"बाई, माझी बहीण..."

"हरवली? वय काय?"

"बावीस."

"कुठं हरवली?"

"हरवली न्हाई. गाडीत बसलीय."

"कुठल्या गाडीत?"

"आता गेली त्याच. बरोब्बर आपल्या सीटवर बसलीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हरवलं कोण?"

 मागून बिरूमामानंच उत्तर दिलं. "आमी हरवलोय, ताई."

बाईंना हसू आलं, पण माझं तोंड बघून त्यांनी ते आवरलं. म्हणल्या, "बसा समोर. पुढची गाडी दीड तासानं आहे. तोवर निरोप देता येतो का बघते." लई भली बाई. पाणीबी दिलं.

बाकावर बसलो. मामाची भाकरीबी घोंगडीसंगं गेलती, म्हणून मी त्यांना केळी आणून दिली. ते खाईनात. शेवटी माझ्याकडं बघून म्हणले, "रडू नको बे. मेंढरू कळपातनं मागं राहतं, तवा कळप हरवत न्हाई, मेंढरू हरवतं. तुझी भैन नीट आसल." धीर दिला म्हणायचा का शिवी दिली, आजवर ठरवता आलं न्हाई मला.

सव्वा तास झाला असंल. अन् त्या दिसत नसलेल्या बाईचा आवाज सगळ्या स्टेशनवर घुमला!

"केजहून आलेले श्री. मन्मथ! पांढरा नेहरू शर्ट, काखेत फाईल! आपण जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपली बहीण आपला शोध घेत आहे!"

सगळ्या फलाटानं माझ्या काखेकडं बघितलं हो! आमच्याकडं यात्रेत चार वर्षांची लेकरं हरवली की असं पुकारतात. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो.

खिडकीवर गेलो तर बाईंनी कागदच वाचून दाखवला. कुर्डूवाडीच्या स्टेशनातून फोन आलता. शोभानं टीसीला सगळं सांगितलं होतं. टीसीनं चार्टवर नाव बघून तिची जागा कायम ठेवली अन् कुर्डूवाडी आल्यावर निरोप धाडायची व्यवस्था केली. निरोप असा होता, 'बहीण सुखरूप. पुणे स्टेशनवर महिलांच्या प्रतीक्षालयात थांबते. भावाने पुढच्या गाडीने यावे. त्याला गाडीत बसवून द्यावे ही विनंती. सोबत एक मामा असतील, त्यांची घोंगडी माझ्याजवळ आहे.'

बिरूमामानं तिथंच हात जोडले. "लक्ष्मी हाय बाबा तुझी भैन!"

पुढची गाडी लागली. बाईंनी एका हमालाला बोलावलं अन् म्हणल्या, "हे पुण्याच्या गाडीत चढवून दे रे."

हमाल इकडं तिकडं बघायला लागला. "सामान कुठाय?"

बाईंनी आमच्या दोघांकडं बोट केलं. "हेच."

गाडीत बसलो. दौंडला गाडी थांबली, चहावाला खिडकीशी आला. मी अन् मामानं दोघांनीबी एकदम माना फिरवल्या.

संध्याकाळी पुण्यात उतरलो अन् पळत सुटलो. महिलांच्या प्रतीक्षालयाच्या दारातच शोभा खुर्चीवर बसलेली. मांडीवर बिरूमामाची घोंगडी, नीट घडी घातलेली, वर भाकरीचं गाठोडं. मला वाटलं, आता ही रडंल, न्हाईतर मला बोलंल.  नुसतं "शोभे" म्हणलं अन् फाईल पुढं केली.

तिनं माझ्याकडं वरून खाली बघितलं. पायात चप्पल एकच होती. अन् शांतपणे म्हणली, "दादा, चहा घेतोस?"

मग दोघंबी हसलो, अन् हसता हसता तिचेबी डोळे भरले. तिलाबी भीती वाटलतीच की! पण भीती वाटली म्हणून ती बसून न्हाई राहिली. मावशीच्या पेठेला कोणती बस जाती, कुठून सुटती, सगळं इचारून ठेवलं होतं.

म्हणलं, "पण पत्ता तर माझ्या खिशात हाय!"

"मी पाठ केलता."

"कावून?"

"तू संगं होतास म्हणून."

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन ती मुलाखतीला गेली. मी बाहेर जिन्यात बसलतो. बाहेर आली ती हसतच. म्हणली, साहेबांनी इचारलं, 'गाव लांब आहे. पुण्यात एकट्या राहाल का? अडचण आली तर काय कराल?' मग तिनं कालची सगळी गोष्ट सांगितली. तीन साहेब होते म्हणं आत, तिघंबी टेबलावर हात आपटून हसले.

परत येताना मी तिला शंभरदा बजावलं, आप्पांना कळता कामा नये. ती म्हणली, "माझ्या तोंडून न्हाई निघणार." अन् निघालं न्हाईच.

पंधरा दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. आप्पांनी ते देवापुढं ठेवलं, पण हो न्हाई का नाही न्हाई. होकार मागणारं लातूरचं कार्डबी तिथंच, पत्राच्या शेजारी. शोभा परत घासलेली भांडी घासायला लागली.

अन् बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कोण उभं? खांद्यावर घोंगडी! बिरूमामा! मी गल्ल्याखाली वाकलो, पण उशीर झालता.

"हितंच बसतो का त्यो, डायवरवाला?" मामानं आप्पांनाच इचारलं. "अन् मपल्या लेकीला बोलवा जरा. तिच्यासाठी लोणी आणलंय."

मग काय! मामानं पायरीवर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. टॉवेल सांगितला, तो गाडीत मीच त्यांना सांगितलता. चहा सांगितला. माइकवर पुकारलेलं तर आवाज काढून सांगितलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकायली. मी ज्वारीच्या पोत्याकडं तोंड करून उभा. म्हणलं, संपलं. आज लातूरला होकार जातोय. दाराआड शोभा उभी होती, तिच्या बांगड्यांचाबी आवाज बंद झालता.

आप्पांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणले, "म्हंजी पोरगी एकटी गेली?"

"एकटी," मामा म्हणले. "मपली घोंगडी घिऊन."

"अन् ह्यो?"

"ह्यो हमालानं चढवला."

आप्पा उठले, देवापुढचं लातूरचं कार्ड उचललं अन् पुडी बांधायच्या रद्दीत टाकलं. आत तोंड करून म्हणले, "शोभे, जा पुण्याला. तुझी मला आता काळजी न्हाई." अन् तिथंच हुंदका ऐकू आला. मला वाटलं शोभाचा. बघतो तर आप्पांचाच.

माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं. म्हणलं, "आप्पा, मग तिला पोचवायला मी..."

"तू?" आप्पा म्हणले. "तू ह्या स्टँडाच्या पुढं जायचं न्हाईस!"

शोभा गेली एकटीच. पुढं वर्षभरानं मला दुकानाच्या कामासाठी पुण्याला जायचं होतं. आप्पांना सांगितलं. त्यांनी कोट चढवला अन् समोरच्या एसटीडी बूथवर गेले. मी मागं मागं गेलो. आप्पा फोनवर शोभाला सांगायले होते, मोठ्यानं, सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं. "शोभे, मन्मथला पुण्याला यायचंय. सुट्टी काढ अन् सोलापूरला त्याला घ्यायला ये."

अन् आली हो ती! धाकटी बहीण, पुण्याहून सोलापूरला, दोन लेकरांच्या बापाला घ्यायला! फलाटावर माझा हात धरला, डब्यात बसवलं, तिकिटं स्वतःच्या पर्समधी ठेवली. मग मला म्हणली, "दादा, मी पाणी घेऊन येते. तू हलू नको."

मी म्हणलं, "जा. पण शोभे, खाली डायवर चहा पिताना दिसला, तर त्याच्याकडं बघू नको!"